सिकलसेल आणि डोळ्याचा पडदा : फोटो कडेपर्यंत पोचला होता का?

रानजाई

धागा जरा लांबेल, पण हे सगळं मराठीत एका जागी असावं म्हणून लिहायला बसले आहे.

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, प्रकार सिकल-बीटा प्लस थॅलेसेमिया, म्हणजे एका पालकाकडून सिकलचं आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक. त्याचं दुखणं म्हणजे सांधे, पाठ, छाती, मध्येच ताप, मध्येच सलाइन. तेही इतर सिकलसेलग्रस्त मुलांच्या मानाने कमी. "तुमचा प्रकार सौम्य आहे" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्यावर आमचा विश्वास बसला होता. डोळ्यांचा विचार घरात कुणी केला नाही, कारण डोळ्यांचा त्रासच नव्हता.

तरी तीन वर्षं दरवर्षी डोळे तपासून घेतले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ तो घडाघडा वाचायचा. ६/६. एकदा पडद्याचा फोटोही काढला होता, मधुमेही लोकांचा काढतात त्याच साध्या कॅमेऱ्यावर. रिपोर्ट नॉर्मल. आणि तो रिपोर्ट खोटा नव्हता. त्या फोटोत जेवढा पडदा आला होता तेवढा खरोखरच चांगला होता. जे बिघडलं होतं ते फोटोच्या चौकटीबाहेर होतं.

सहा महिन्यांपूर्वी रक्ताच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून आम्ही पहिल्यांदा रेटिनाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि मग एका मोठ्या यंत्रासमोर बसवून फोटो काढला. संगणकाच्या स्क्रीनवर केशरी-हिरवट रंगाचं एक मोठं लंबगोल चित्र आलं. मध्यभागी सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी पेनाचं टोक चित्राच्या पार कडेला, उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या वरच्या बाजूला टेकवलं. मला आधी काही कळलंच नाही. मग दिसलं, एका बारीक रक्तवाहिनीच्या टोकाला लालसर जाळीचा झुपका. नखाएवढाही नाही. त्याच्या पलीकडे एकही वाहिनी नव्हती, नुसता कोरा पडदा.

नंतर डाय, म्हणजे शिरेतून रंग, देऊन पडद्याच्या वाहिन्यांची अँजिओग्राफी झाली. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत तो झुपका दिव्यासारखा पेटला आणि बघता बघता त्याच्या कडा पुसट होत गेल्या, कारण डाय त्यातून झिरपत होती. त्याच डोळ्याला लेझर केलं. नजर आजही ६/६ आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ज्यांना माहिती आहे त्यांनी कुठली तपासणी काय दाखवते ते सोप्या शब्दांत लिहावं. दोन, ज्यांच्या घरी सिकलसेलग्रस्त कुणी आहे त्यांनी जुना रिपोर्ट काढून बघावा, त्यात पडद्याच्या कडेबद्दल एक शब्द तरी आहे का.

दूरबीण

रानजाई, बरं केलंस धागा काढलास. मी नेत्रविभागात पडद्याचे फोटो काढायचं काम करते, बरीच वर्षं. निदान करणं माझं काम नाही, पण कॅमेरा काय बघतो आणि त्याला काय दिसत नाही ते सांगू शकते.

आधी कडच का, ते बघू. पडद्याच्या रक्तवाहिन्या मागच्या नसेच्या तोंडातून आत येतात आणि कडेकडे जाता जाता बारीक होत जातात. पाटाचं पाणी जसं शेवटच्या वाफ्याला पोचता पोचता कमी पडतं, तसंच. ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या, ताठर होणाऱ्या पेशी अडकतात त्या या टोकांना. वाहिनी बंद झाली की तिच्या पुढचा पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या सांगण्यावरून नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात, फुटतात. मधुमेहात बिघाड बहुतेक वेळा मध्यभागाच्या आसपास आधी दिसतो, म्हणून साधा कॅमेरा तिथे पुष्कळ उपयोगी पडतो. सिकलसेलमध्ये मधला भाग लख्ख असून कडेला आग लागलेली असू शकते.

आता अंश. साधा फंडस कॅमेरा एका वेळी साधारण ४५ अंशांचा भाग टिपतो. सात वेगवेगळ्या दिशांचे फोटो जोडण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यातही ७५ अंशांच्या आसपासच मिळतं. अल्ट्रा-वाइडफील्ड कॅमेरा एका क्लिकमध्ये २०० अंशांपर्यंत जातो, म्हणजे पडद्याचा सुमारे ८२ टक्के भाग. यात लंबगोल आरसा आणि लाल-हिरवा लेझर प्रकाश वापरतात, म्हणून चित्राचा रंग खऱ्या पडद्यापेक्षा वेगळा, थोडा हिरवट दिसतो. रानजाईने लिहिलेलं केशरी-हिरवट चित्र ते हेच.

हा कॅमेरा कसा जन्मला तेही सांगते, कारण मला ते फार जवळचं वाटतं. स्कॉटलंडमधले डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाचा पडदा सुटला, तपासण्या होत असूनही ते वेळेवर कळलं नाही आणि त्या मुलाची एका डोळ्याची नजर गेली. मुलांना सहन होईल अशी, एका झटक्यात पडदाभर बघणारी तपासणी असावी या हट्टातून त्यांनी ऑप्टॉस ही कंपनी काढली. दिवसभर त्या यंत्रावर कुणा ना कुणाची हनुवटी टेकवताना मला ते मूल आठवतं.

पण २०० अंश हा आकडा ऐकून गाफील राहू नका. तो आडवा भाग जास्त चांगला टिपतो. वर आणि खाली पापण्या आड येतात. चित्राच्या खालच्या कडेला काळे फराटे दिसतात ना, त्या पापणीच्या केसांच्या सावल्या. त्याखाली काय आहे ते त्या फोटोला माहीत नसतं. म्हणून मी सिकलसेलच्या रुग्णाचा एक सरळ फोटो काढून थांबत नाही. कापसाच्या काडीने पापणी धरते आणि "वर बघा, खाली बघा, नाकाकडे, कानाकडे" असं करत चार फोटो आणखी काढते. नव्या वाहिन्यांचे झुपके वरच्या कानाकडच्या भागात जास्त सापडतात, आणि सरळ फोटोत नेमका वरचाच भाग कापला जातो. फोटो काढणाऱ्याला जाताच सांगा, "सिकलसेल आहे, कडेचे फोटो हवेत." आम्हाला कुणी हे सांगितलं तर राग येत नाही, उलट काम नीट होतं.

शाईपेन

माझी मुलगी ११ वर्षांची, एसएस, म्हणजे दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक आलेली. डोळ्यांची काहीच तक्रार नाही. एवढ्या लवकर न्यावं का? आणि डायची सुई लागतेच का? तिच्या शिरा आधीच सलाइनने कडक झाल्यात. सुई बघितली की ती माझा हात इतका घट्ट धरते की वळ उठतात.

पिंपळपान

शाईपेनताई, मी रेटिनाचा डॉक्टर आहे. लवकर नाही, हीच वेळ आहे. अमेरिकेतल्या एनएचएलबीआय या संस्थेने २०१४ मध्ये सिकलसेलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत वयाच्या १० व्या वर्षापासून बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगितलं आहे. सगळं ठीक असेल तर १ ते २ वर्षांनी पुन्हा. काही सापडलं तर अंतर कमी होतं, ते तिचे डॉक्टर ठरवतील.

सुई पहिल्याच भेटीत लागत नाही. थेंब घालून तपासणी, रुंद फोटो, आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन. या तिन्हींत टोचणं नाही. फोटोत संशयाची जागा दिसली तरच डायची अँजिओग्राफी. ही फ्लुओरेसिन डाय हातातून दिली की साधारण दहा-बारा सेकंदांत पडद्यात पोचते आणि मग कुठली वाहिनी बंद आहे, कुठली झिरपते आहे ते एकेका फोटोत उलगडत जातं. थोडा वेळ मळमळ होऊ शकते, त्वचा पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद केशरी होते. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर संडासातून घाबरून ओरडत बाहेर येतात. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून ही तपासणी तयारी असलेल्या जागीच करावी. शिरा कडक आहेत हे टोचणाऱ्याला आवर्जून सांगा. डाय शिरेबाहेर गेली तर हाताची फार आग होते. काही ठिकाणी लहान मुलांना डाय तोंडाने देऊनही रुंद फोटो काढतात, तेही विचारून बघा.

रानजाईताई, "सौम्य प्रकार" या शब्दांबद्दल थोडं. सिकलसेलच्या डोळ्यांतली ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे. ज्यांना वेदनेचे झटके कमी येतात, त्या एससी (एक सिकलचं आणि एक हिमोग्लोबिन सीचं जनुक) आणि सिकल-बीटा थॅलेसेमियाच्या लोकांत नव्या वाहिन्यांचा हा आजार एसएसपेक्षा जास्त आढळतो. जमैकात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटात पंचविशीच्या आसपास एससी असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना आणि एसएस असलेल्यांपैकी १४ टक्क्यांना हा आजार झालेला दिसला. एसएसमध्ये हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त पातळ, एससीमध्ये ते जास्त म्हणून रक्त दाट, असं एक कारण मानलं जातं. शरीर कमी दुखतं म्हणून डोळा सुरक्षित आहे असा हिशेब इथे चालत नाही.

रिपोर्टवर "गोल्डबर्ग स्टेज" लिहिलेलं असतं त्याचा अर्थही सांगतो. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये केलेली ही पाच पायऱ्यांची वर्गवारी आजही वापरात आहे. पहिल्या पायरीला कडेच्या बारीक धमन्या बंद होतात. दुसरीला धमनी आणि शीर यांच्यात आडवाटा तयार होतात. तिसरीला नव्या वाहिन्यांचे झुपके येतात. समुद्रात पंख्यासारखं पसरणारं एक प्रवाळ असतं, त्याच्या आकारावरून या झुपक्याला सी फॅन म्हणतात. आपण समुद्रपंखा म्हणू. चौथ्या पायरीला तो फुटून डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्त उतरतं. पाचवीला पडदा सुटतो. पहिल्या तीन पायऱ्यांत रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. फोटोची सगळी गरज त्याच काळात आहे.

उंबरठा

माझ्या बाबतीत चौथ्या पायरीलाच कळलं. सकाळी उठलो तर डाव्या डोळ्यापुढे कोळ्याचं जाळं. डोळा चोळला, धुतला, जात नाही. दुपारपर्यंत जाळ्याचा धूर झाला. एससी आहे मला, वय ३१. आदल्याच वर्षी एका ठिकाणी "डोळे उत्तम" म्हणून सांगितलं होतं, थेंब न घालता.

तेव्हा रक्तामुळे आतलं काही दिसतच नव्हतं, त्यामुळे रुंद कॅमेरा असूनही उपयोग झाला नाही. बंद पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली, पडदा जागेवर आहे का ते बघायला. जागेवर होता. उशी उंच घेऊन झोपायला सांगितलं, म्हणजे रक्त खाली बसतं. ते हळूहळू साफ झालं आणि मग लेझर झालं.

लिहितोय ते एवढ्यासाठी, की काळे ठिपके अचानक वाढले, चमका दिसल्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर उद्यावर टाकू नका. मी दुपारपर्यंत थांबलो, तेवढंही थांबू नका.

सांजवेळ

रानजाईचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. धागा वाचून कुणाला वाटेल की रुंद कॅमेरा मिळाल्याशिवाय तपासणी होतच नाही. तो कॅमेरा सगळीकडे नसतो. माझी तपासणी गेली आठ वर्षं एकच डॉक्टर करतात. डोक्याला दिवा, हातात भिंग, मला आडवं झोपवून, लागलं तर डोळ्याला बाहेरून हलकेच दाबून थेट कडेपर्यंत बघतात. दहा मिनिटं डोळ्यांतून पाणी येतं, पण कड बघायची राहत नाही. कॅमेरा नाही म्हणून कुणी घरी बसू नये.

आणि एक प्रश्न. नजर चांगली असूनही माझ्या ओसीटीत "टेम्पोरल मॅक्युलर थिनिंग" आलंय. याचं काय करायचं?

पिंपळपान

सांजवेळ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते स्पष्ट लिहायला हवं होतं. बाहुली नीट मोठी करून इनडायरेक्टने, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या डोक्यावरच्या दिव्याने आणि भिंगाने, केलेली तपासणी ही पूर्ण तपासणी आहे. फोटो तिची जागा घेत नाही. पण फोटो दोन गोष्टी जास्त देतो. डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेली बारीक आडवाट नंतर शांतपणे मोठी करून बघता येते. आणि पुढच्या वर्षी "तेव्हा कसं होतं" याचा पुरावा हातात राहतो. डॉक्टर बदलले तरी फोटो बोलतो. नुसत्या ४५ अंशांच्या फोटोवर, थेंब न घालता "नॉर्मल" म्हणणं मात्र सिकलसेलला पुरेसं नाही.

ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद. चिरलेल्या कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे थर दिसतात. सिकलसेलमध्ये मध्यबिंदूच्या कानाकडच्या बाजूला आतले थर पातळ झालेले दिसतात, कारण तो भाग दोन वाहिन्यांच्या क्षेत्रांच्या शिवेवर आहे आणि रक्त कमी पडलं की पहिला फटका शिवेला बसतो. ओसीटी-अँजिओग्राफी असेल तर डायशिवाय तिथल्या केशवाहिन्यांची जाळी दिसते, आणि जाळीत कुठे काळी भोकं पडली आहेत तेही, विशेषतः खोलच्या थरात. मात्र तिची चौकट लहान असते, बहुतेक वेळा ३ किंवा ६ मिलिमीटरची. म्हणजे ती केंद्र फार बारकाईने दाखवते, कड दाखवत नाही.

पातळ झालेला थर परत भरून येईल असा उपचार नाही. त्याचा उपयोग असा, की बारीक वाहिन्या बंद पडत आहेत ही खूण मिळाली. कडेची तपासणी चुकवू नका, ओसीटी दरवेळी त्याच जागी करून तुलना करा, आणि हा रिपोर्ट रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्याची फाइल आणि रक्ताची फाइल एकमेकींना कधी भेटत नाहीत, हे माझं नेहमीचं दुःख आहे.

निंबोणी

मी वाहक आहे, एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक, दुसरं नॉर्मल. मलाही दरवर्षी हे सगळं करायचं का?

पिंपळपान

निंबोणीताई, नुसत्या वाहकाला पडद्याचा हा आजार क्वचित होतो, त्यामुळे वाहक आहे एवढ्याच कारणाने दरवर्षी तपासणी लागत नाही. सोबत मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना वाहक असल्याचं सांगा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. डोळ्याला चेंडू, काठी, कोपर, काहीही लागलं आणि डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं, तर वाहकालाही तितकाच धोका आहे. तिथे ऑक्सिजन कमी असतो, पेशी वाकड्या होतात, निचऱ्याच्या जाळीत अडकतात आणि डोळ्याचा दाब चढतो. दाब इतरांना सोसवेल एवढाच असला तरी सिकलच्या डोळ्यातल्या नसेला तो सोसत नाही. दाब उतरवायला नेहमी देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी इथे जपून द्यावी लागते, कारण तिने रक्तातलं आम्ल वाढून पेशी आणखी वाकड्या होऊ शकतात. म्हणून तातडीच्या विभागात पोचताच पहिलं वाक्य "मी सिकलसेल वाहक आहे" हेच हवं.

शाईपेन

डॉक्टर, आणखी एक. माझ्या चुलतबहिणीच्या डोळ्यात समुद्रपंखा सापडला, पण लेझर न करता "बघू" म्हणाले. हे बरोबर आहे का? ती रोज रडते.

पिंपळपान

बरोबर असू शकतं. काही पंख्यांचा रक्तपुरवठा आपोआप बंद होतो आणि ते सुकतात, पांढुरके पडतात. याला ऑटोइन्फार्क्शन म्हणतात. त्याच जमैकाच्या गटात साधारण एक तृतीयांश डोळ्यांत आजार स्वतःहून मागे हटलेला दिसला. म्हणून लहान, सपाट, रक्त न आलेला पंखा आणि वेळेवर परत येणारा रुग्ण असेल तर थांबता येतं. पंखा मोठा आहे, पडद्यावरून वर उचलला आहे, एकदा रक्त येऊन गेलं आहे, दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच गेली आहे किंवा पुढची भेट होईल याची खात्री नाही, तर लेझरकडे कल जातो. लेझर पंख्यावर मारत नाहीत, त्याच्या भोवतीच्या उपाशी पडद्यावर विखरून मारतात. पूर्वी पंख्याला रक्त पुरवणारी वाहिनीच जाळायचे, त्यात पडद्याला भोकं पडण्यासारखे त्रास जास्त व्हायचे.

"बघू" म्हणजे मात्र खरंच बघायचं. तारीख घेऊन, आणि दरवेळी त्याच कोनातून फोटो काढून. बहिणीला सांगा, रडू येणं साहजिक आहे, पण तारीख चुकवू नकोस.

दूरबीण

आणि फोटोची प्रत मागून घ्यायला सांग तिला. छापील कागद नको, मूळ फाइल. कागदावर तो बारीक झुपका शाईत हरवतो.

थेंबांबद्दलही सांगते, कारण लोक त्यांनाच घाबरून टाळतात. चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, उजेड खुपतो. काळा चष्मा न्या, गाडी स्वतः चालवू नका, मुलांची परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल तर तारीख बदलून घ्या. बाकी काही नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवेळदादा, तुमचं पटलं. मी कॅमेऱ्यावर जास्त भर दिला. विचारायचं ते एवढंच, की कड पाहिली का. कशाने पाहिली ते नंतर.

काल भावाची तपासणी झाली. दूरबीणताईने लिहिलं होतं तसं मी फोटो काढणाऱ्या बाईंना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि दोन्ही डोळ्यांचे पाच-पाच फोटो काढले. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. जिथे लाल झुपका होता तिथे आता राखाडी, वाळक्या पानाच्या शिरांसारखं काहीतरी आहे आणि भोवती लेझरचे गोल डाग. भाऊ कधी नव्हे तो खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. डाव्या डोळ्यात, खाली बघून काढलेल्या फोटोत, एक छोटी आडवाट सापडली आहे. सरळ फोटोत त्या जागी पापणीचे केस होते. आत्ता काही करायचं नाही, चार महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

दोन्ही फाइल त्याच्या मोबाइलमध्ये घेतल्या. परत येताना काळ्या चष्म्यामागून विचारत होता, "ताई, रक्ताच्या डॉक्टरांकडे आपण सोमवारी जातोय ना, हे त्यांना दाखवायचं ना?"